गव्हर्नरपदाची पात्रता एकदा लिहून काढा: मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीस खुले पत्र

प्रति,
माननीय पंतप्रधान व माननीय गृहमंत्री,
मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती, नवी दिल्ली

विषय: आर्थिक धोरण ठरवणाऱ्या पदांची पात्रता, निवडीची कारणे आणि नियुक्तीतील दिरंगाई

महोदय,

रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर व्हायला कमीत कमी काय शिकलेले असावे लागते? १९३४चा रिझर्व्ह बँक कायदा उघडून बघितला, तर याचे उत्तर मिळत नाही. कलम ८ प्रमाणे गव्हर्नर आणि जास्तीत जास्त चार उपगव्हर्नर केंद्र सरकार नेमते आणि त्यांची एका वेळची मुदत पाच वर्षांपेक्षा जास्त नसते. पुढचे कलम १० संचालक कोणी होऊ नये ते सांगते: दिवाळखोर नको, मनःस्थिती बिघडलेला नको, दुसऱ्या बँकेचा नोकर नको. कोण नको याची यादी आहे. कोण हवा, याबद्दल नव्वद वर्षांत एक ओळ लिहिली गेलेली नाही.

मी एका वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. या कामासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात आणि वर नेट, सेट किंवा पीएचडी लागते. कागदपत्रांच्या पडताळणीत एक गुणपत्रिका कमी पडली तरी उमेदवाराला परत पाठवतात. एवढे करून हाती पडते ते तासाप्रमाणे मानधन, तेही सत्र संपले की थांबते. अट कडक आहे याबद्दल माझी तक्रार नाही, असावीच. पण पतधोरणाचा, म्हणजे व्याजदर आणि पैशाचा पुरवठा ठरवण्याचा, धडा शिकवणारीला जी अट आहे, तिच्या पासंगालाही पुरेल अशी अट ते धोरण ठरवणाऱ्याला का नाही, हे मला वर्गात सांगता येत नाही. आणि वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो.

तो विचारणाऱ्यांमध्ये भारतीय आर्थिक सेवेची तयारी करणारी मुले असतात. लोकसेवा आयोगाच्या त्या परीक्षेला बसायचे तर अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यवसाय अर्थशास्त्र किंवा अर्थमिती यांतली पदव्युत्तर पदवी लागते. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागात ‘ग्रेड बी’ अधिकारी व्हायचे तरी अर्थशास्त्राची किंवा त्याच्या जवळच्या विषयाची पदव्युत्तर पदवी हवीच. म्हणजे टिपण तयार करणाऱ्या तरुण अधिकाऱ्याची पात्रता सरकारने काटेकोर लिहून ठेवली आहे. त्या टिपणावर अखेरची सही करणाऱ्याची मात्र लिहिलेली नाही.

इथे एक गैरसमज होऊ शकतो, तो आधीच दूर करते. गव्हर्नर पीएचडीधारकच हवा, अशी माझी मागणी नाही. महाराष्ट्रातून तर ती करताच येणार नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावचे. केंब्रिजला ते निसर्गविज्ञान शिकले, त्यात वनस्पतिशास्त्र होते. पुढे आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले. आजच्या समाजमाध्यमांवर त्यांची नियुक्ती जाहीर झाली असती, तर ‘वनस्पतिशास्त्रवाला नोटा छापणार’ अशी टवाळी दुपारपर्यंत देशभर फिरली असती. पण १९४३ साली गव्हर्नर होण्याआधी ते चार वर्षे त्याच बँकेत होते, आधी सरकार आणि बँक यांच्यातला दुवा म्हणून, मग सचिव, मग उपगव्हर्नर. जागतिक बँक आणि नाणेनिधीचा पाया घालणाऱ्या १९४४च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते भारताच्या बाजूने बसले ते या अनुभवाच्या जोरावर.

म्हणूनच डिसेंबर २०१८मध्ये गव्हर्नर झालेल्या शक्तिकांत दास यांच्या इतिहासातल्या एमएवरून जी खिल्ली उडवली गेली, ती मला तेव्हाही उथळ वाटली होती. आर्थिक व्यवहार सचिव, महसूल सचिव, पंधराव्या वित्त आयोगाचे सदस्य, एवढा प्रवास करून आलेल्या माणसाला पंचविशीच्या आतल्या पदवीवरून तोलायचे कशाला? उलट बाजूही तेवढीच खरी. आधीचे एक गव्हर्नर वाय. व्ही. रेड्डी सनदी अधिकारी होते आणि अर्थशास्त्राचे डॉक्टरही. २००८च्या जागतिक संकटाआधी व्यापारी बांधकामाच्या कर्जांवर त्यांनी जोखीमभार वाढवला, म्हणजे अशा कर्जांमागे बँकांना जास्त भांडवल राखायला लावले, तेव्हा बाजाराला ते आवडले नव्हते. अमेरिकेत सत्तरच्या दशकात आर्थर बर्न्स हे कोलंबियाचे नाणावलेले प्राध्यापक मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखपदी असताना महागाई हाताबाहेर गेली. ती ज्यांनी आटोक्यात आणली त्या पॉल व्होल्कर यांच्याकडे पीएचडी नव्हती. पदवी बघून धोरणाचे भविष्य सांगता येत नाही.

मग पदवीचा विषय काढायचाच कशाला? काढायचा, कारण पदवी नको असेल तर तिच्या जागी काय हवे, हे कोणीतरी लिहायला हवे. बँकिंगचा अनुभव? वित्त प्रशासनाचा? किती वर्षांचा? काहीच लिहिलेले नसले की प्रत्येक नियुक्तीनंतर दोनच गट उरतात. एक म्हणतो ‘हा आपला माणूस’, दुसरा म्हणतो ‘हा त्यांचा माणूस’. नेमलेला माणूस लायक असला तरी ते सिद्ध करायला त्याच्या हाती काही नसते. नियम नसल्याचा तोटा आधी लायक माणसालाच होतो.

मंत्र्यांना मी या चर्चेत ओढत नाही. अर्थमंत्री कोणत्या विषयाचा पदवीधर असावा हे घटना सांगत नाही, आणि ते बरोबर आहे. त्याला लोक निवडून देतात, लोकच घरी बसवतात. गव्हर्नरला, उपगव्हर्नरला, अर्थ मंत्रालयाच्या मुख्य आर्थिक सल्लागाराला आम्ही मत देत नाही. त्यांच्या अधिकाराचा आधार ज्ञान आणि अनुभव हाच आहे. मग तो आधार तरी दिसू द्या.

आता तक्रारी सांगते. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली, जिथे पात्रता लिहिलेली आहे तिथेही ती फार ढोबळ आहे. २०१६मध्ये रिझर्व्ह बँक कायदा बदलून व्याजदर ठरवणारी सहा जणांची पतधोरण समिती आली. त्यातले तीन बाहेरचे सदस्य सरकार नेमते. कलम ४५झेडसी म्हणते की ते कर्तबगार, सचोटीचे, प्रतिष्ठित असावेत; अर्थशास्त्र, बँकिंग, वित्त किंवा पतधोरण यांचे ज्ञान आणि अनुभव असलेले असावेत; वय सत्तरच्या आत असावे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या १९९२च्या कायद्यातले शब्द जवळपास असेच आहेत, फक्त तिथे कायदा, लेखाशास्त्र आणि प्रशासन यांचीही भर आहे. त्या यादीतून कोण बाहेर राहील, हा प्रश्नच आहे. वित्त आयोगाच्या १९५१च्या कायद्यात निदान खाती तरी वेगळी पाडली आहेत: सदस्य निवडायचे ते उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदाच्या पात्रतेचे, सरकारी हिशेबाचे जाणकार, वित्त आणि प्रशासनाचे अनुभवी किंवा अर्थशास्त्राचे विशेष जाणकार यांच्यातून. स्वातंत्र्यानंतर चार वर्षांत आपल्याला हे सुचले होते. नीती आयोग २०१५ साली मंत्रिमंडळाच्या ठरावाने आला, तेव्हा उपाध्यक्षाला कसली पात्रता असावी हे लिहायचे कोणाला आठवले नाही.

दुसरी तक्रार उशिराची, आणि माझ्या मते ती सर्वांत गंभीर आहे. पतधोरण समितीच्या बाहेरच्या सदस्यांना चार वर्षांची मुदत असते आणि पुन्हा नेमणूक नसते. म्हणजे जागा कधी रिकाम्या होणार ते नेमणुकीच्या दिवशीच माहीत असते. तरी २०२०मध्ये पहिल्या तिघांची मुदत संपली तेव्हा नवे तिघे ठरलेले नव्हते. २९ सप्टेंबरला सुरू होणारी बैठक पुढे ढकलावी लागली आणि ती ७ ते ९ ऑक्टोबरला झाली. करोनाच्या वर्षात, अर्थव्यवस्था आकसत असताना, व्याजदर ठरवणारी समिती गणपूर्तीसाठी थांबली होती. २०२४मध्ये थोडी प्रगती झाली: नवी नावे १ ऑक्टोबरला जाहीर झाली, बैठक ७ ऑक्टोबरला सुरू झाली. सहा दिवस. आमच्याकडे तासिका तत्त्वावरच्या शिक्षिकेलाही अभ्यासक्रम हातात घ्यायला याहून जास्त दिवस मिळतात. (नेहमी नाही, पण बहुधा.)

याचा परिणाम फेब्रुवारी २०२५च्या बैठकीत दिसला. सहा महिन्यांपूर्वी, ऑगस्ट २०२४मध्ये जे सहा जण टेबलाभोवती होते, त्यांतले पाच जण आता नव्हते. तीन बाहेरचे सदस्य बदललेले. गव्हर्नर डिसेंबरमध्ये बदललेले. पतधोरण सांभाळणारे उपगव्हर्नर मायकेल पात्रा जानेवारीत निवृत्त झालेले, त्यांच्या जागी नवी नेमणूक नाही, म्हणून दुसऱ्या उपगव्हर्नरांकडे तात्पुरता भार. जुने फक्त बँकेचे अधिकारी राजीव रंजन. याच बैठकीत रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, जवळपास पाच वर्षांनी पहिल्यांदा कमी होऊन ६.२५ टक्क्यांवर आला. निर्णय चूक होता असे मी म्हणत नाही. पण व्याजदराचा निर्णय हा मागच्या चार-पाच बैठकांत कोणी काय इशारे दिले, कोणते अंदाज फसले, यांच्या आठवणीवर चालतो. समितीची ती आठवण एका माणसावर आणून ठेवणे शहाणपणाचे नव्हते. अर्थतज्ज्ञ उपगव्हर्नराच्या रिकाम्या जागेवर पूनम गुप्ता यांचे नाव यायला एप्रिल उजाडला. नाव उत्तम होते. ते जानेवारीत का आले नाही?

मुख्य आर्थिक सल्लागाराच्या पदाचीही हीच कथा, आणि ती एका सरकारची नाही. सप्टेंबर २०१३मध्ये रघुराम राजन रिझर्व्ह बँकेत गेले. अरविंद सुब्रमणियन आले ऑक्टोबर २०१४मध्ये. मधल्या काळात सत्ता बदलली, आणि जुलै २०१४ची आर्थिक पाहणी, म्हणजे अर्थसंकल्पाआधीचा वार्षिक अहवाल, मुख्य आर्थिक सल्लागाराविनाच संसदेत मांडली गेली. २०१८मध्ये पुन्हा काही महिने पद रिकामे. २०२२मध्ये व्ही. अनंत नागेश्वरन यांची नियुक्ती २८ जानेवारीला झाली आणि पाहणी मांडली गेली ३१ जानेवारीला. ज्या अहवालावर आम्ही वर्षभर शिकवतो, तो लिहून झाल्यावर त्याचे प्रमुख नेमले गेले.

तिसरी, कारणे कळत नाहीत. मुख्य आर्थिक सल्लागारपदासाठी जाहिरात निघते. उपगव्हर्नरपदासाठीही अर्थ मंत्रालय अर्ज मागवते, त्यात वयाची आणि अनुभवाची अट असते. गव्हर्नरपदासाठी असे काही होत नाही. एका संध्याकाळी आपल्या समितीच्या मंजुरीची बातमी येते: नाव आणि मुदत. त्या नावाच्या शेजारी दुसरी कोणती नावे होती हे विचारणे मला गैर वाटते. न निवडलेल्या माणसाचाही मान असतो. पण निवडलेल्याला का निवडले, हे सांगायला काय हरकत आहे? माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्यातले कलम ८(१)(आय) मंत्रिमंडळाच्या कागदपत्रांना संरक्षण देते, पण त्याच कलमाचे परंतुक म्हणते की निर्णय झाल्यावर आणि विषय संपल्यावर निर्णय, त्याची कारणे आणि आधारभूत साहित्य जाहीर केले जाईल. कलम ४ तर महत्त्वाच्या धोरणांची तथ्ये सरकारने आपणहून प्रसिद्ध करावीत असे सांगते. त्या परंतुकाचा आत्मा या नियुक्त्यांना का लागू होऊ नये?

चौथी तक्रार नियुक्तीनंतरची. चांगल्या माणसाला बसवले, पण त्याने काय सांगितले हे कळलेच नाही, तर त्याच्या ज्ञानाचा आम्हाला उपयोग काय? ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, चलनातल्या एकूण रकमेच्या सुमारे ८६ टक्के. गव्हर्नर होते ऊर्जित पटेल, येल विद्यापीठाचे डॉक्टर. पात्रतेत बोट ठेवायला जागा नाही. त्या संध्याकाळी बँकेच्या संचालक मंडळाची जी बैठक झाली तिच्या इतिवृत्तात नोंद आहे की बहुतेक काळा पैसा रोखीत नसून सोने आणि स्थावर मालमत्तेत आहे. हे इतिवृत्त लोकांसमोर आले २०१९मध्ये, माहितीच्या अधिकारातून. तोवर रद्द नोटांपैकी ९९.३ टक्के बँकेत परत आल्याचे रिझर्व्ह बँकेच्याच वार्षिक अहवालाने सांगून झाले होते. म्हणजे ज्ञान टेबलावर होते, कागदावर होते, आणि कुलपात होते.

२०२२चे उदाहरण त्याहून सरळ आहे. महागाई सलग तीन तिमाही सहा टक्क्यांच्या वर राहिली तर रिझर्व्ह बँकेने सरकारला कारणे लेखी कळवायची, असे कायदा सांगतो. त्या वर्षी पहिल्यांदाच ती वेळ आली. ३ नोव्हेंबरला समितीची खास बैठक झाली, अहवाल गेला. तो जाहीर करण्याची तरतूद कायद्यात नाही, असे सरकारने संसदेत सांगितले. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर २०१९पासून नवी गृहकर्जे बाह्य निर्देशकाला, बहुतेक बँकांत रेपोलाच, बांधलेली असल्याने तो बोजा थेट हप्त्यांवर आला. हप्ता भरणाऱ्याने पैसे दिले, पण चूक कुठे झाली हे सांगणारे पत्र त्याला वाचता आले नाही.

१९२५ साली चलनाच्या प्रश्नावर एक शाही आयोग भारतात आला होता. लंडनहून डी.एस्सी. होऊन आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची साक्ष त्याने घेतली, उलटतपासणी केली आणि प्रश्नोत्तरे छापली. ती आजही वाचता येतात, मी विद्यार्थ्यांना वाचायला देते. रुपयाबद्दल विद्वान काय म्हणाला हे परक्या सरकारने छापले. आपल्या सरकारने आपल्याच बँकेचे पत्र शतकानंतर झाकून ठेवावे, हे मला समजत नाही.

उघडपणाने काही बिघडत नाही, याचा पुरावा आपल्याकडेच आहे. पतधोरण समितीचे इतिवृत्त चौदाव्या दिवशी प्रसिद्ध होते, कोणी काय मत दिले ते नावानिशी. २०२४च्या जून आणि ऑगस्टमध्ये आशिमा गोयल आणि जयंत वर्मा या बाहेरच्या सदस्यांनी दर कमी करण्याच्या बाजूने मत दिले, चौघे विरोधात होते. त्याने बाजार कोसळला नाही, बँकेची अब्रू गेली नाही. माझ्या वर्गात मात्र दोन तास कडाक्याचा वाद झाला.

‘मग अमेरिकेसारखी संसदेत सुनावणी हवी का’ असे विचारले जाईल. हवी, पण डोळे उघडे ठेवून. २०१० साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले पीटर डायमंड यांना तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या मंडळासाठी अपात्र ठरवण्याचा खटाटोप एका सिनेटरने केला आणि २०११मध्ये डायमंड यांनी स्वतः माघार घेतली. राजकारण्यांच्या हाती नकाराधिकार दिला की असे होते. ब्रिटनचा मार्ग मला बरा वाटतो: संसदेची समिती नेमलेल्या व्यक्तीला उघडपणे प्रश्न विचारते, अहवाल देते, नियुक्ती मात्र सरकारचीच राहते. तिथे २०१२मध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरपदाची चक्क जाहिरात निघाली होती. आपल्याकडे अर्थविषयक संसदीय स्थायी समिती १९९३पासून आहे. नवे काही उभारायचे नाही.

तेव्हा मागण्या अशा.

गव्हर्नर, उपगव्हर्नर, मुख्य आर्थिक सल्लागार आणि नीती आयोगाचे उपाध्यक्ष या प्रत्येक पदासाठी किमान पात्रता लिहून प्रसिद्ध करावी. त्यात अर्थशास्त्रातील उच्च शिक्षण किंवा बँकिंग, वित्त वा पतधोरणातला ठरावीक वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव, असे पर्याय असू द्यावेत. देशमुख त्यात बसले पाहिजेत, आणि कोणीही बसेल इतके ते सैलही नसावेत.

प्रत्येक नियुक्तीबरोबर एक पानाचे कारणपत्र निघावे: या व्यक्तीचे शिक्षण, अनुभव, हितसंबंध आणि या पदासाठी ती का योग्य आहे. पान एकच पुरे, पण त्यावर सही असावी.

मुदत संपण्याच्या किमान तीन महिने आधी उत्तराधिकाऱ्याचे नाव जाहीर करणे बंधनकारक करावे. पतधोरण समितीच्या तिन्ही बाहेरच्या सदस्यांची मुदत एकाच दिवशी संपू नये, यासाठी कायद्यात दुरुस्ती करून ती टप्प्याटप्प्याने संपेल अशी सोय करावी.

नव्या गव्हर्नरांनी पदभार घेतल्यापासून दोन महिन्यांत स्थायी समितीपुढे उघड बैठकीत प्रश्नांना उत्तरे द्यावीत. समितीला नकाराचा अधिकार नको.

महागाईचे लक्ष्य चुकल्याबद्दल २०२२मध्ये पाठवलेला अहवाल प्रसिद्ध करावा, आणि पुढे असा प्रसंग आला तर अहवाल ठरावीक मुदतीत संसदेपुढे ठेवण्याची तरतूद कायद्यात घालावी.

यातल्या तीन गोष्टींना, म्हणजे लिखित पात्रता, कारणपत्र आणि नाव आधी जाहीर करणे यांना, कायदा बदलावा लागत नाही, आपल्या समितीचा एक निर्णय पुरतो. तेवढ्या पुढच्या नियुक्तीपासून सुरू कराव्यात आणि बाकीच्यांसाठी विधेयक कधी आणणार हे जाहीर करावे, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
अर्थशास्त्राची एक शिक्षिका, महाराष्ट्र

प्रत: अध्यक्ष, अर्थविषयक संसदीय स्थायी समिती